शरण्याच्या क्यूला वॉर्निश

हसा, हसा! हसायला तुमचं काय जातंय! काल दिवसभर एका साठीला टेकलेल्या माणसाला मी चमच्यानं उप्पिट भरवलंय, कॉफी पाजलीय, शर्टाची बटणं लावून दिलीयत, नाक खाजलं तर नाकसुद्धा... जाऊ दे! आणि हात मोडलेत म्हणाल तर नाही, लकवा मारलाय म्हणाल तर नाही, देवाच्या दयेनं दोन्ही हात धडधाकट आहेत! धडधाकट आहेत हीच तर सगळी भानगड आहे! ते बघा, पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून बसलेत ना, ते आमचे भावजी. नरसिंगराव. माझ्या बहिणीचे, वेदवतीचे यजमान. इथं म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात मार्केटच्या मागं टेलरिंगचं दुकान, पुढं दुकान नि मागं घर, बापजाद्यांपासूनचं. आणि आज जिची फायनल बघायला तुम्ही आलायत ती शरण्या, ती त्यांची मुलगी. आता तळव्यांना काय लागलंय ते विचारू नका, त्याचीच गोष्ट सांगतोय. मॅचला वेळ आहे अजून. फक्त हळू बोलतो हं, त्यांचे कान फार तिखट आहेत.

तर तुम्हाला सांगतो, या माणसाचं एकच वाक्य आहे. ‘एकदा हातात घेतलं म्हणजे घेतलं!’ बस्स! त्यापुढं ब्रह्मदेवाचं चालत नाही. घरातली छत्री फाटली. फेकून द्या म्हणाली वेदवती. ‘फेकायची? हातात घेतलं म्हणजे घेतलं!’ बसले मशीनवर, कडेनं अशी सुंदर तुरपाई घातली की सुटावर घालणार नाही कोणी. छत्री दिसायला झकास झाली... फक्त मिटेना! आजतागायत ती छत्री कोपऱ्यात उघडीच आहे, तिच्याखाली कांदे ठेवतात. नळ गळायला लागला, तोही यांनीच हातात घेतला. आता तो गळत नाही हे खरं, पण उघडायचा तर पक्कड लागते. असो. माणूस वाईट नाही हो! हाताला कला आहे, कॉलर उलटवून जुना शर्ट असा नवा करून देतील की शर्टाच्या मालकाला ओळखू येणार नाही. पण ती कला कापडाची! कापड सोडून दुसऱ्या कशाला हात लावला की संपलं.

गोष्ट गेल्या वर्षीची, पण सुरुवात त्याच्या आदल्या वर्षी झाली. आमची शरण्या कॉलेजात गेल्यापासून पूल खेळायला लागली. हाच क्लब, सरस्वतीपुरमचा, हाच रंगनाथ मालक, हीच टेबलं. पोरगी चांगली खेळायची, पण भावजींच्या डोक्यात काय, तर जिथं टवाळ पोरं सिगरेटी ओढत काठ्या घेऊन उभी असतात ती जागा! आणि एका बारशाला, सगळ्या नातेवाइकांसमोर, हे मोठ्यानं म्हणाले, “पोरीच्या हातात काठी शोभते काय? आमच्या घरात सुई शोभते!” सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? शरण्या तेवढी हसली नाही. भांडली नाही, रडली नाही, दुसऱ्या दिवशी क्यू, म्हणजे तीच काठी, उचलून मैत्रिणीच्या घरी ठेवून आली... आणि बोलणं बंद! म्हणजे अबोला नव्हे हं. अबोला परवडला. ‘जेवलीस?’ ‘हं.’ ‘उशीर झाला?’ ‘हं.’ अख्खं वर्ष त्या पोरीनं बापाला ‘हं’ वर ठेवलं! अप्पा हा शब्दच गेला घरातनं.

आणि भावजींना ते खात होतं. बोलायचे नाहीत, पण शरण्या आत आली की यांचा मशीनवरचा पाय थांबायचा, आणि ती खोलीत गेली की परत चालू व्हायचा. मी म्हटलं, “भावजी, एकदा चुकलो म्हणून टाका की!” तर माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काय मी त्यांना गल्लीत नाचायला सांगितलं.

मग गेल्या वर्षी नवरात्रात एक गिऱ्हाईक आलं पँट आखूड करायला, आणि मोबाईल पुढं करून म्हणालं, “नरसिंगराव, ही तुमची मगळू ना, लेक? दसऱ्याच्या टूर्नामेंटमधे फायनलला आलीय!” पोटची पोर फायनलला आली, आणि बापाला बातमी पँटवाल्याकडून! भावजींनी मोबाईल घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, बघतायत, बघतायत... मला वाटलं आता डोळ्याला पाणी येणार. तर म्हणाले, “काठीचं पॉलिश गेलंय रे.”

मला सांगा, या माणसाला काय म्हणावं? पण तुम्हाला खरं सांगतो, मला तेव्हाच कळलं. ज्या माणसाला माफी मागता येत नाही तो दुरुस्ती करतो. क्यू जुना होता, कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला, मुठीकडचं वॉर्निश पापुद्रे निघून गेलेलं. दसऱ्याला ती मैत्रीण गावी जाणार म्हणून शरण्यानं तो घरी आणून कपाटामागं ठेवला होता. आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती गेली कॉलेजच्या पोरींबरोबर तलकाडला, वाळूतली देवळं बघायला. झालं! तिची बस सुटायचा अवकाश, क्यू कपाटामागून दुकानात!

वेदवती म्हणाली, “अहो, तिला विचारा तरी आधी.”

“विचारायचं काय? संध्याकाळी बघेल नि गप्प होईल!”

“गप्पच आहे ती वर्षभर!”

“हातात घेतलं म्हणजे घेतलं!”

आणि मला फोन. मी सुम्ने, गपगुमान आपला घरी वर्तमानपत्र वाचत होतो, सुट्टीचा दिवस... गेलो. का गेलो? अजून कळलेलं नाही मला.

आधी मापं! क्यूच्या मधे पेच असतो, दोन तुकडे होतात. यांनी गळ्यातला इंचटेप काढला आणि काठीची मापं घेतली. टोकाजवळ कंबर! मुठीजवळ छाती! मी म्हटलं, “भावजी, ढुंगण राहिलं.” तर खडू फेकून मारला. मग म्हणाले, हातानं घासून कुठं सारखं घासलं जातं, काठी फिरायला पाहिजे आणि काचपेपर जागेवर पाहिजे. आणि मशीनच्या मोटरचा पट्टा काढून, तुम्हाला सांगतो, काठीच्या एका टोकाला गुंडाळला! दुसरं टोक कुणी धरायचं? बरोबर! मी! हातात अस्तराची चिंधी घेऊन मी टोक धरलंय, यांच्या हातात काचपेपर, यांचा पाय मोटरच्या पेडलवर. गर्र गर्र फिरतेय काठी, भुसा उडतोय, जुनं वॉर्निश निघतंय, आतून पांढरंशुभ्र लाकूड वर येतंय, आणि मान्य करतो, छान दिसत होतं. पण हे थांबेनात!

म्हटलं, “भावजी, बारीक होईल काठी!”

“मार्जिन असतंय रे!”

“कापडात असतंय! लाकडात कसलं मार्जिन?”

हा प्रश्न त्यांना पटला. कारण चेहरा पडला. पण डोक्याला पटला तरी पायाला पटायला नको? पाय गेला खाली पूर्ण! मोटर अशी किंचाळली, पट्टा सुटला, काठी माझ्या हातातनं सटकली, माझ्या अंगठ्याचं साल घेऊन गेली, आणि समोर पुतळ्याला घातलेल्या एका नवरदेवाच्या शेरवानीत, छातीच्या खिशात... खच्चकन! पडद्यामागं एक गिऱ्हाईक ट्रायल घेत होतं, ते आवाज ऐकून एका पायात पँट घालून बाहेर आलं, शेरवानीत घुसलेली काठी बघितली, आणि तसंच एका पायावर ‘नाळे बर्तीनी, उद्या येतो’ म्हणत रस्त्यावर गेलं. भावजी काय म्हणाले? “काठीला काही झालं नाही. चांगलं लाकूड आहे.” अंगठा कुणाचा गेला? माझा!

मग वॉर्निश. मुठीला एक हात, दुसरा हात, चकाकायला लागली. मी म्हटलं, आयतु, झालं! तर हे पुढच्या भागालाही लावायला लागले, पार टोकापर्यंत. मला तरी काय माहीत की पुढच्या भागाला लावायचं नसतं! यांचं म्हणणं, अर्धवट काम आमच्या घराण्यात नाही, बाहेरून सूट आणि आत अस्तर नाही असं कधी शिवलंय का? लावलं! जाड! आणि बाहेर पाऊस भुरभुरायला लागला, आपलं म्हैसूर, ऑक्टोबरात काय वाळणार! पँटला लावतात त्या क्लिपांच्या हँगरला दोन्ही तुकडे टांगले, पंखा लावला. चिकट. इस्त्री तापवून लांबून धरली. बुडबुडा आला! तो बुडबुडा फोडून त्यावर आणखी एक हात लावला. आणि तेवढ्यात शरण्या तलकाडहून आल्याची चाहूल लागली. हे गडबडले, तुकडे जोडले, आणि धूळ लागू नये म्हणून अख्खा क्यू देवघरात नेऊन आडवा ठेवला. कुठं? उद्याच्या खंडेनवमीसाठी वेदवतीनं पाट मांडला होता ना, त्याच्यावर! भावजींच्या कात्रीशेजारी!

इथं जरा नीट ऐका. तुम्ही म्हैसूरची माणसं, आयुधपूजा तुम्हाला मी काय सांगणार, ऑटोपासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, रस्त्यारस्त्यावर कोहळे फुटतात. पण भावजींच्या घरची रीत कडक. खंडेनवमीला कात्री, इंचटेप, अंगुस्तान, सुयांची डबी, मशीन, सगळं पूजेत जातं, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बन्नीची पानं, आपलं दसऱ्याचं सोनं, वाटून होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. उचलायचं नाही, सरकवायचंही नाही! एकदा मुख्यमंत्र्यांच्या कुठल्या सचिवाचा कोट आला होता अर्जंट, भावजींनी बटण लावून दिलं नाही.

तर खंडेनवमीची सकाळ. भावजी आंघोळीला. वेदवती पूजेला बसली, आणि बघते तर काय, पाटावर, कात्रीच्या शेजारी, लेकीचा क्यू! चकाचक पॉलिश केलेला! माझ्या बहिणीचा अंगठा कुंकवात तसाच राहिला. तिला वाटलं, ह्यांनी ठेवलं! ज्या काठीला घरात जागा नव्हती तिला ह्यांनी स्वतःच्या हातानं आयुध म्हणून कात्रीशेजारी मांडलं! बाई रडायलाच लागली. आणि त्या भरात तिनं क्यूला हळद लावली, कुंकू लावलं, थोडंथोडकं नाही हो, मुठीला पाच बोटं, पेचाला पाच बोटं, वरून अक्षता, वरून शेवंतीच्या पाकळ्या! ओल्या वॉर्निशवर!

भावजी टॉवेल गुंडाळून आले. बघितलं. तोंड उघडलं... आणि मागं शरण्या उभी.

शरण्या बघतेय. अप्पांची कात्री. तिच्याशेजारी आपला क्यू. दोघांना सारखंच कुंकू. वर्षभरात पहिल्यांदा तिनं बापाच्या तोंडाकडं सरळ बघितलं. आता तुम्ही असता तर सांगितलं असतं का, की बाळ, पूजेला नाही, वाळायला ठेवला होता? भावजींनी तोंड मिटलं. नमस्कार केला. आणि दिवसभर, तुम्हाला सांगतो, दिवसभर तो माणूस देवघराच्या दारात खुर्ची टाकून बसला, डोळ्यांसमोर कुंकू वॉर्निशमधे मुरतंय, पाकळ्या चिकटतायत, एक मुंगी टोकाजवळ अडकलीय... आणि हात लावायचा नाही! मी गेलो तर माझ्या कानात म्हणाले, “ओल्या फडक्यानं एकदा पुसलं असतं तर निघालं असतं रे.” मी म्हटलं, पुसा मग. तर म्हणाले, “तिनं बघितलंय. आता ते आयुध आहे.” तुम्हाला सांगतो, मला हसू आलं, आणि मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो.

दसऱ्याची सकाळ. फायनल दहाला, बन्नी संध्याकाळी. क्यू पूजेत! आता? सगळे वेदवतीकडं बघतायत. तिनं शांतपणे अक्षता घेतल्या, फक्त क्यूवर वाहिल्या, क्यू जरासा हलवला आणि म्हणाली, “दसऱ्याला आयुध घेऊन निघायचं असतं. हिचं सीमोल्लंघन सकाळी आहे. उचल गं.”

भावजी लगेच, “मग माझी कात्री पण...”

“तुमचं कुठलं सीमोल्लंघन? घरातनं दुकानात नि दुकानातनं घरात! सुम्ने बसा.”

शरण्यानं क्यू उचलला. डाव्या हाताच्या बोटांची अशी कमान केली, त्यातून क्यू सरकवायला गेली... आणि किर्र! अडकला. परत. किर्र! तुम्ही खेळणारी माणसं, तुम्हाला माहीत आहे, पुढचा भाग कसा सुळकन जायला हवा. हा जाईना! पाहुण्यानं सोफा धरून ठेवावा तसा त्या क्यूनं तिचा हात धरून ठेवला. मला वाटलं आता फुटणार ही. वर्षभराचं सगळं आता बाहेर येणार. भावजी तर भिंतीला टेकले.

शरण्या म्हणाली, “अप्पा, हात सरकत नाही.”

अप्पा! ऐकलंत? ‘हं’ नाही, अप्पा! हात सरकत नव्हता खरा, पण वर्षानं तो शब्द आला की नाही घरात! भावजींच्या डोळ्यांत टच्चकन पाणी आलं, आणि लगेच म्हणाले, “काचपेपर कुठाय?” आम्ही तिघं एकदम ओरडलो, “बेड! नको!” तसाही काचपेपर पूजेत होता. या माणसानं काचपेपरलासुद्धा कुंकू लावून घेतलं होतं.

शरण्या म्हणाली, “ग्लोव्ह असतो अप्पा. तीन बोटांचा. अंगठा आणि ही दोन. स्लिपरी कापडाचा. माझ्याकडं नाही, आणि आज सगळं बंद असेल.” जंबूसवारीचा दिवस, हत्तींची मिरवणूक, अर्धे रस्ते पोलिसांनी अडवलेले, कुठलं दुकान नि कुठला ग्लोव्ह! पण ‘कापड’ हा शब्द कानावर पडला आणि भावजी भिंतीपासून सुटले. मी त्यांचा चेहरा बघितला आणि म्हटलं, झालं, घेतलं हातात!

पण शिवायचं कशानं? कात्री पूजेत, सुया पूजेत, मशीन पूजेत! वेदवती देवघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. भावजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, हात गळ्याकडं गेला सवयीनं... आणि तिथंच थांबला. कॉलरच्या आत! जन्मभराची खोड आहे त्यांची, एक ओवलेली सुई कायम कॉलरमधे खोचलेली. आंघोळ केली की जुन्या कॉलरमधून नव्या कॉलरमधे. ही सुई पूजेत द्यायची राहिली होती!

“ती कशी राहिली?” वेदवती म्हणाली.

“विसरलो.”

“नशीब!” माझी बहीण म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं. हसत होती.

कापड? भावजींनी पेटी उघडली आणि स्वतःच्या लग्नातला कोट काढला. आतलं सॅटिनचं अस्तर, मोरपंखी! कात्री नाही म्हणून दातांनी फाडलं. लग्नाचा कोट, दातांनी! वेदवती एवढंच म्हणाली, “नाहीतरी तुम्हाला बसत नव्हता.” माप? इंचटेप पूजेत. मग भावजींनी शरण्याचा हात आपल्या हातात घेतला, तळव्याला तळवा लावला, एकेका बोटाभोवती दोरा फिरवला. लहानपणी शाळेत सोडताना धरला असेल तो हात, त्यानंतर आत्ता. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती, दोऱ्याकडं बघत होती. मीही कोटाकडं बघायला लागलो, काय करणार!

नऊ वाजून गेले, बोटं शिवून व्हायचीयत! शेवटी ऑटोत बसलो. शरण्या मधे, हातात ग्लोव्ह घातलेला, भावजी तिच्या हातावरच शिवतायत, मी पलीकडं क्यू उभा धरून. सरळ रस्ता बंद, ऑटो गल्ल्यागल्ल्यांतून, आणि गल्लीगल्लीत आदल्या दिवशी फोडलेले कोहळे! ऑटो घसरली की भावजी ड्रायव्हरला ओरडायचे, “निधान! हळू!” आणि शरण्याला, “हलू नकोस!” आणि मला, “काठी धर!” शेवटचा टाका या क्लबच्या दारात पडला. दोरा दातांनी तोडला. आणि आत येईनात! म्हणाले, मी बाहेर बसतो, मला त्यातलं काही कळत नाही.

आत काय झालं ते ऐका. रंगनाथनं क्यू तपासायला घेतला, बघितलं, कुंकू, हळद, पाकळ्या, अक्षता... “पूजे माडिद्दीरा? पूजा केलीत?” म्हणाला, चपला काढल्या, क्यू डोळ्यांना लावला आणि परत दिला. समोरची खेळाडू दीपश्री, मंगळूरची, क्यू ठेवायची भारी पेटी घेऊन आलेली, तिनंसुद्धा पटकन हात जोडले. पण हात जोडले म्हणून खेळायचं थोडंच सोडलं! दणादण बॉल घालायला लागली. आणि शरण्या चुकतेय. सरकतोय हात, पण मधलं बोट आखडतंय, वाकत नाहीये पूर्ण. एक गेम गेला, दुसरा गेला. मी धावत बाहेर. “भावजी, मधलं बोट घट्ट झालंय!”

तुम्हाला सांगतो, तो माणूस उठला आणि सरळ आत. बारशात जे बोलले होते ते विसरून, सगळ्या टवाळ पोरांमधून, थेट टेबलाशी! दोन गेमच्या मधली वेळ होती. लेकीचा हात तोंडाजवळ घेतला, एक टाका दातांनी उसवला आणि सुईनं दुसरा सैल घातला. म्हणाले, “मार्जिन ठेवलं होतं मी.” आणि तिथंच उभे राहिले. पुढची सगळी मॅच उभ्यानं बघितली. नियम काही कळत नव्हते, दीपश्रीनं बॉल घातला तरी टाळ्या वाजवायचे! आणि शेवटचा नऊ नंबरचा बॉल शरण्यानं कोपऱ्यात घातला तेव्हा अख्खा क्लब ओरडला आणि यांनी मला विचारलं, “आता हे चांगलं झालं की वाईट?”

चांगलं झालं हो! जिंकली! रंगनाथनं विचारलं, ग्लोव्ह कुठल्या कंपनीचा? शरण्या म्हणाली, “आमच्या अप्पांचा.” आणि भावजी बघा, नुसते रुमाल शोधत होते खिशात. रुमाल क्यू धरायला मी घेतला होता.

इथं गोष्ट संपायला पाहिजे, नाही का? संपली असती, तर काल मी उप्पिट भरवत बसलो नसतो! त्या दिवशी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पुसता पुसता यांची नजर गेली टेबलावर. त्या हिरव्या कापडावर! जवळ गेले, बोटानं चाचपलं आणि म्हणाले, “रंगनाथ, हे कापड कुणी बसवलंय? कोपऱ्यात सुरकुती आहे.” वर्षभर, तुम्हाला सांगतो, वर्षभर एकच धोसरा! टेबलाचं कापड मी बदलतो, अस्तर लावून देतो, कडेनं पायपिंग घालतो! शरण्या समजावतेय, “अप्पा, टेबलाला अस्तर नसतं!” ऐकतायत कुठं! ती आजकाल क्यूलासुद्धा कुलूप लावते. तो कुंकवाचा डाग अजून तसाच आहे त्यावर, कुणाला काढू देत नाही. गेल्या आठवड्यात रंगनाथ हात जोडून वेदवतीकडं आला. “अक्का, फायनलच्या आधी यांना आवरा. काल टेबलाखाली शिरले होते.”

माझ्या बहिणीनं मनावर घेतलं. काल खंडेनवमीला सगळी पूजा झाली, कात्री झाली, मशीन झाली, क्यू झाला, कॉलरमधली सुईसुद्धा यंदा आठवणीनं काढून घेतली. आणि शेवटी म्हणाली, “हात पुढं करा.” यांना वाटलं प्रसाद. पुढं केले. तिनं दोन्ही तळव्यांना हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि म्हणाली, “या घरातलं सगळ्यात मोठं आयुध हेच. आता बन्नी वाटेपर्यंत उचलायचं नाही!”

झालं! रीत त्यांचीच! सचिवाला बटण न लावून देणारा माणूस, मोडणार कशी? तेव्हापासून असे बसलेत, तळवे उताणे, आणि मी चमचा घेऊन समोर. मला वाटलं, चला, एक दिवस तरी शांततेत जाईल. तर आज सकाळी कॉफीचा घोट घेता घेता माझ्या हातांकडं बघायला लागले. निरखून. म्हणाले, “तुझ्या हातांना तिनं कुंकू नाही ना लावलं?”

म्हटलं, “नाही.”

“मग बसलायस काय?”

एकदा हातात घेतलं म्हणजे घेतलं! त्यांचं ते तसंच आहे, हात तेवढे आता माझे. तुम्ही जरा सरका बघू, आणि हे दोऱ्याचं टोक त्या कोपऱ्यावर धरा... रंगनाथ बघायच्या आत टेबलाची लांबी घ्यायचीय मला.